पहिल्या चार मिनिटांसाठी कोल्हापूर

लोक कोल्हापूरला देवीच्या दर्शनाला जातात, चपला घ्यायला जातात, रस्सा प्यायला जातात. मी गेले ती माझ्या सिनेमाची पहिली चार मिनिटं शोधायला.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी नागपूरची. सोळा वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांचं संकलन केलं आणि गेली तीन वर्षं स्वतःचा पहिला सिनेमा करण्यात घालवली. गोष्ट साधी आहे: एका गावात पिठाची चक्की चालवणाऱ्या दोन बहिणी. थोरली एके दिवशी कुणाला न सांगता निघून जाते आणि धाकटी तिला शोधते. सिनेमाची सुरुवात मी अशी केली होती की ड्रोनवरून दिसणारा सूर्योदय, कापसाची शेतं, नदी, चुलींचा धूर, आणि त्यावर माझ्या आईच्या आवाजात त्या गावाची ओळख. चार मिनिटं. मला ती फार आवडायची.

मुंबईच्या वितरकाने सिनेमा पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, पुढे चांगला आहे. पण तुमच्या पहिल्या चार मिनिटांत मी दोन फोन उरकले. थिएटरातला माणूस फोन नाही करणार, उठून जाईल." त्याने आठ दिवस दिले. आठ दिवसांत नवी प्रत आली नाही तर आहे तोच सिनेमा सकाळच्या खेळांना लागणार आणि सोमवारपर्यंत उतरणार, हे त्याने मोठ्या प्रेमाने समजावून सांगितलं.

पुण्याला संकलन शिकताना सुवर्णा मगदूम माझ्याबरोबर होती. इचलकरंजीची मुलगी, लग्न होऊन कोडोलीला गेली आणि आता तिथल्या शाळेत शिकवते. तिला फोनवर रडगाणं ऐकवलं तर ती म्हणाली, "नागपुरात बसून काय करणार? इकडं ये. इथं माणसं तोंडावर सांगतात."

मी लॅपटॉप आणि हार्डडिस्क पाठीला लावली आणि निघाले.

कोल्हापूर

गाडीत अख्खा दिवस नि रात्र गेली, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं तोच एक रिक्षावाला अंगावर ओरडल्यासारखा म्हणाला, "कुठं जायाचं पावणं?" मी दचकले. मग कळलं की तो प्रेमाने विचारतो आहे. पुढचे पाच दिवस हेच होत राहिलं. नागपूरला आम्ही रागावलो की आवाज चढवतो. इथं चहा हवा का हे विचारतानाही चढवतात.

सुवर्णा शाळेतून आठवड्याची रजा काढून स्कूटरवर आली होती. तिने मला आधी मिसळ खायला नेलं. आमच्याकडे तर्रीपोहे खाऊन वाढलेल्या माणसाला तिखटाची काय भीती, असं मी म्हणाले खरं. पण इथला कट घसा सोडून थेट कानात जातो. मी पावाऐवजी आलेला ब्रेड कटात बुडवत होते, डोळे पुसत होते, आणि कट वाढणारे काका शेजारी उभे राहून म्हणत होते, "अजून घ्या की! रडत बसला तर तिखट कसं भिनंल?" त्याच हाताने डोळा चोळला आणि पुढचा अर्धा तास मी कोल्हापूर एकाच डोळ्याने पाहिलं.

त्याच अवस्थेत सुवर्णाने मला रशीदचाचांकडे नेलं.

रशीदचाचा सत्तरीचे. चाळीस वर्षं ते एका थिएटरात ऑपरेटर होते, म्हणजे प्रोजेक्टर चालवायचे. थिएटर बंद पडलं, आता ते घराच्या ओट्यावर शिलाईमशीन दुरुस्त करतात. आम्ही गेलो तेव्हा ते एका मशीनला तेल देत होते. मी लॅपटॉप उघडायला लागले तर त्यांनी हात आडवा केला.

"मला पिक्चर दावू नका, बाई. मी चाळीस वर्सं पिक्चर लावलं, पर एक बी पुरा बघितला न्हाय."

"मग काय बघितलंत, चाचा?"

"माणसं. केबिनच्या भोकातनं निम्मा वेळ मी खाली पब्लिककडंच बघत बसायचो. आणि त्यातबी तोंडाकडं न्हाय. पायाकडं."

"पायाकडं?"

"व्हय. माणूस थेटरात येतो तवा पाय चपलंतच असत्यात त्येचं. उठून जायाची तयारी असती. पिक्चरनं त्येला धरलं की पाय आपोआप भाईर येत्यात. एकदा चप्पल निघाली की मग काय बी होऊ द्या, जात न्हाय त्यो."

मी वही काढली. सोळा वर्षांत मी किती चर्चा ऐकल्या, किती पुस्तकं चाळली! पहिल्या दृश्यात प्रश्न असावा, उत्तर नसावं. लांबून सुरुवात केली तर जागा कळते, जवळून केली तर माणूस कळतो. हे सगळं मला पाठ होतं. पण प्रेक्षकांच्या पायांकडे बघ असं कुणी सांगितलं नव्हतं.

"चाचा, पटकन चपला काढायला लावणारा पिक्चर आठवतो का?"

त्यांनी तेलाची बुधली बाजूला ठेवली. "एकाचं नाव ध्यानात न्हाय, पर सुरुवात ध्यानात हाय. पडदा काळाच. मला वाटलं माझं मशीन बिघाडलं. आणि नुसता दार वाजल्याचा आवाज. धाड, धाड, धाड! सगळं थेटर मान वळवून आपल्याच दाराकडं बघाय लागलं. डोअरकीपर बिचारा कडी काढाय धावला!" ते स्वतःच हसू लागले. "दुसऱ्या एकात वरात. शंभर माणसं नाचत्यात. आणि एकच माणूस नाचत न्हाय. कॅमेरा त्या गर्दीतनं हळू हळू त्येच्याकडं चाललाय. तुमी सांगा, तुमी काय करशीला? त्यो का नाचंना ते कळल्याबिगर घराकडं जाशीला?"

"नाही जाणार."

"मग? तुमच्या पिक्चरात काय हाय सुरुवातीला?"

मी सूर्योदय, शेतं, नदी, धूर असं सांगितलं. चाचा अगदी हळू आवाजात, कोल्हापुरात ऐकलेल्या सगळ्यांत हळू आवाजात म्हणाले, "चांगलं हाय की. गाव हाय."

मला मिसळीपेक्षा ते जास्त झोंबलं.

"चला," मी म्हणाले, "उद्या माणसांसमोर लावू. तुम्ही यायचं आणि पाय बघायचे."

संध्याकाळी सुवर्णाने दूधकट्ट्यावर नेलं. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, समोर धार काढतात आणि फेसाळ पेला हातात देतात. आमच्याकडे दूध पिशवीत येतं. मी तो कोमट पेला दोन्ही हातांत धरून तिथे उभी राहिले आणि का कोण जाणे, मला एकदम वाटलं की हे जमणार.

इचलकरंजी

सुवर्णाच्या माहेरी मागाची शेड आहे. तिचे थोरले भाऊ अण्णा ती चालवतात. त्या दिवशी शेडला सुट्टी होती म्हणून सुताच्या गोदामात त्यांनी खेळ ठेवला. प्रेक्षक कोण? शेडमधले विणकर. त्यातले निम्मे बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले, मराठी जेमतेम समजणारे. मी सुवर्णाला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "अगं, यांना भाषाच कळणार नाही."

"म्हणूनच तर बोलावलंय," ती म्हणाली.

पडदा म्हणून अण्णांनी आपल्याच मागावरचं कोरं कापड टांगलं होतं, दोन पन्हे मधोमध शिवून. सकाळचे साडेदहा, खिडक्यांना पोती लावलेली, पन्नासएक माणसं सुताच्या गोण्यांवर टेकून बसलेली. मी आणि रशीदचाचा मागे भिंतीला उभे. चाचांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

सूर्योदय झाला. शेतं आली. आईचा आवाज सुरू झाला. आणि पुढच्या रांगेतले दोन विणकर उठून पडद्याकडे गेले. मला वाटलं, अरे वा! त्यांनी पडद्याचं कापड चिमटीत धरलं.

"ये तीन नंबर की लूम का माल है."

"नहीं रे, चार का. देख, इधर पट्टी आई है."

मग तिसरा उठला. माझ्या नदीवर बोट ठेवून तो विणीतला दोष दाखवू लागला. माझ्या आवडत्या चार मिनिटांत त्या गोदामात एका सदोष थानावर उत्तम चर्चा झाली. बाकीच्यांच्या हातात मोबाईल. चाचांनी हनुवटीने खाली खूण केली. पन्नास जोड्या पाय, पन्नासच्या पन्नास चपलेत.

मी भिंतीला टेकून खाली बसले. तीन वर्षं. सात जणांनी पगार न घेता केलेलं काम. धाकटीचं काम करणारी मुलगी तर परीक्षा सोडून आली होती. आणि सुरुवात अशी की लोक पडद्याचं कापड तपासतात.

तेरावं मिनिट आलं. सिनेमात तिथे थोरली चक्की सुरू ठेवून बाहेर पडते. वरच्या टोपल्यातला गहू संपत जातो, पीठ पडायचं थांबतं, आणि जात्याचे दगड एकमेकांवर रिकामे फिरायला लागतात. आवाज बदलतो. जाड घरघर होती ती कर्कश होते. मी हा प्रसंग कथेतला एक दुवा म्हणून घातला होता, वीस सेकंदांचा.

मागच्या गोणीवरून एक उंच, पन्नाशीचा माणूस ताडकन उभा राहिला आणि ओरडला, "अरे बंद करो! खाली चल रही है!"

पन्नास माना वर झाल्या. मोबाईल खाली गेले. एकाने खरोखरच भिंतीकडे हात नेला, जणू तिथे खटका आहे. दुसरा म्हणाला, "औरत किधर गई?" तिसरा म्हणाला, "चुप, चुप, देखने दे." आणि मग गोदामात कुणी बोललंच नाही.

चाचांनी माझा खांदा इतक्या जोरात दाबला की दुसऱ्या दिवशी तो दुखत होता. मी खाली पाहिलं. अंधारात चपला सुटत होत्या. एक, मग चार, मग मोजायचं राहूनच गेलं.

सिनेमा संपल्यावर मी त्या उंच माणसाला गाठलं. त्यांचं नाव लल्लनभाई. बारा वर्षं इचलकरंजीत आहेत.

"भाषा समझी?" मी विचारलं.

"थोड़ी थोड़ी. पर आवाज बदला न, मैडम. मैं छह लूम देखता हूँ. धागा टूटे तो आँख से पहले कान को मालूम होता है." मग त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "चालू मशीन छोड़के कोई ऐसे नहीं जाता. चाय पीने भी जाए तो बंद करके जाता है. कुछ हुआ है, तभी गई."

कुछ हुआ है, तभी गई! हे वाक्य मी तीन वर्षांत एकदाही इतकं स्वच्छ म्हटलं नव्हतं. माझी थोरली कशी गेली हे तिच्या चेहऱ्यावरून कळावं म्हणून मी आधी आठ मिनिटं दोघी बहिणींची ओळख करून देत बसले होते. आणि या माणसाला ती नुसत्या सुरू मशीनवरून कळली. तिचा चेहरा न बघता!

परतीच्या वाटेवर मी सुवर्णाच्या कानाशी ओरडत होते. स्कूटरवर वाऱ्यामुळे, आणि आनंदामुळेही. "तेराव्या मिनिटाला पहिलं मिनिट करायचं! आधी रिकामी चक्की, मग बाकी सगळं!"

"मग सूर्योदय?"

"गेला!"

"आणि आईचा आवाज?"



कोडोली

सुवर्णाचं घर गावाच्या टोकाला, मागे ऊस. जैन घर, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत जेवण. आमच्याकडे ज्या वेळेला चहाचं आधण पडतं त्या वेळेला इथं ताटं पुसून पालथी झालेली असतात. कांदा नाही, बटाटा नाही, आणि तरीही त्या आमटीची चव अशी की मी तिसऱ्यांदा भात घेतला. सुवर्णाच्या सासूबाई, त्यांना सगळे आक्का म्हणतात, समाधानाने बघत होत्या. "नागपूरला जेवाय देत न्हाईत व्हय?"

जेवणाआधीच मी आईला फोन करून इचलकरंजीतला खेळ सांगितला होता. आई निवृत्त शिक्षिका. सिनेमात आपला आवाज आहे हे तिने आमच्या कॉलनीत घरोघर सांगून झालेलं.

"आई, तुझा आवाज काढावा लागतोय."

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला. मग, "पूर्ण?"

"पूर्ण."

"मी तर सगळ्यांना सांगून बसली ना वं. मले एक सांग, त्या विणकरांनी माझं काहीच नाही ऐकलं?"

"नाही गं."

"अन् मग कायले ठेवतेस? शाळेत पोरं ऐकत नसत तेव्हा मी बोलतच नव्हती. फळ्याकडे तोंड करून गुपचूप काहीतरी काढायला लागायची. दोन मिनिटांत वर्ग चूप. सगळे पाहत, बाई काय काढून राहिल्या म्हणून. तुझ्या सिनेमात मीच बोलत सुटली. काढून टाक." आणि मग जरा मऊ होऊन, "शेवटी नावं येतात ना, तिथे माझं नाव ठेव फक्त."

मी हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर थोडी रडले. यावेळी तिखटाचा हात नव्हता.

दुसऱ्या दिवशी दिवसभर मी माडीवर बसून कापत होते. हार्डडिस्कमधला सगळा न वापरलेला भाग पाहताना मला एक घबाड सापडलं. रिकाम्या चक्कीचं चित्रण करताना आमचा कॅमेरामन कॅमेरा बंद करायला विसरला होता. वीस सेकंदांऐवजी दोन मिनिटांचा अखंड तुकडा! गहू संपतो, पीठ थांबतं, दगड कर्कश वाजू लागतात, पट्टा थरथरतो, वजनकाट्याच्या पारड्यात काढून ठेवलेल्या बांगड्या त्या थरथरीने हळूहळू काठाकडे सरकतात. मी खुर्चीतून उठून माडीवर दोन फेऱ्या मारल्या. असे तुकडे मागून मिळत नाहीत.

नवी सुरुवात अशी लावली: आधी थोरलीचा रडणारा चेहरा, ती बांगड्या काढते, बाहेर जाते, मग रिकामी चक्की. खाली जाऊन आक्कांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून शांतपणे पाहिली.

"हिचं तोंड आधीच कशाला दावलंस?" त्या म्हणाल्या. "रडली, बांगड्या काढल्या, गेली. कळलं समदं. आता म्या काय बघू?"

"पण आक्का, ती कोण हे कळायला नको?"

"ती गेल्यावर कळंल की. माणूस हाय तवर कोण बघतंय त्येच्याकडं?"

मी लॅपटॉप मिटला. सोळा वर्षांच्या अनुभवाला एवढ्या कमी शब्दांत कुणी उत्तर दिलं नव्हतं. पण मन मानत नव्हतं. चेहरा नसेल तर लोक कुणाला धरून बसणार? सुवर्णा म्हणाली, "तू दमलीयस. उद्या सकाळी जोतिबाला जाऊ."

जोतिबा

डोंगरावर पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. देऊळ लांबून दिसेल अशी माझी समजूत होती. दिसलं नाही. दोन्हीकडे दुकानं, मधून पायऱ्या, नारळ, दवणा, खोबऱ्याच्या वाट्या, हाका मारणारे दुकानदार. "या की पावणं, चपला हितं काढा!" आणि समोरून दर्शन घेऊन परतणारी माणसं. ती सगळी गुलाबी. केस गुलाबी, भुवया गुलाबी, एका आजोबांच्या मिशा गुलाबी, एका बाईच्या कडेवरचं बाळ पायापासून डोक्यापर्यंत गुलाबी. पुढून कुठून तरी ढोल आणि "चांगभलं"चा गजर येत होता. दिसत काहीच नव्हतं. आणि माझे पाय आपोआप भरभर पडायला लागले.

मी मध्येच थांबले. सुवर्णा माझ्यावर आदळली.

"काय झालं?"

"मी का पळतेय?" मी म्हणाले. "अजून मी देऊळ पाहिलंसुद्धा नाही. मला फक्त आवाज आलाय आणि तिथून आलेली माणसं दिसली आहेत. तेवढ्यावर मी पळतेय!"

"म्हणजे आक्का बरोबर."

"आक्का बरोबर!"

मागून येणाऱ्या कुणीतरी आमच्यावर गुलालाची मूठ टाकली. पाठपिशवी उघडी होती. माझ्या लॅपटॉपच्या अक्षरांमधल्या फटी अजून गुलाबी आहेत आणि एक कळ अजूनही अडकते. दर्शन छान झालं. देवासमोर उभी राहून मी मनातल्या मनात दृश्यं कापत होते, त्याबद्दल क्षमा मागितली.

परत येऊन दुपारपर्यंत सुरुवात पक्की केली. पडदा काळा. फक्त भरल्या जात्याची घरघर, आठ सेकंद. मग तो आवाज बदलतो आणि त्याच क्षणी चित्र येतं: फिरतं जातं, जवळून. माणूस नाही. मग पट्टा. मग बांगड्या काठाकडे सरकताना. मग दारात धाकटी. ती आधी मशीन बंद करत नाही, आधी उंबऱ्याकडे बघते. थोरलीचा चेहरा नाहीच. तो पहिल्यांदा दिसतो तो सतराव्या मिनिटाला, एका फोटोत.

पुन्हा कोडोली

शेवटचा खेळ शुक्रवारी दुपारी तीनला, गावातल्या सभागृहात. सुवर्णाने गावभर सांगितलं होतं. बचत गटाच्या बायका, उसाला पाणी पाजून आलेली माणसं, सकाळची शाळा सुटलेली मुलं, शंभराच्या वर मंडळी. खिडक्यांना चादरी लावून अंधार केला. रशीदचाचा कोल्हापूरहून एसटीने आले होते आणि प्रोजेक्टर मीच लावतो म्हणून बसले होते.

काळा पडदा. घरघर. कुणीतरी म्हणालं, "चित्र न्हाय!" दुसरा म्हणाला, "गिरण हाय रं, ऐक." आवाज फाटला, चित्र आलं, आणि एक बाई मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, कोण न्हाय तिथं!" बांगड्या सरकायला लागल्या तेव्हा सभागृहात श्वास ऐकू येत होते. धाकटी दारात आली, उंबऱ्याकडे बघितलं. चौथं मिनिट.

आणि वीज गेली.

प्रोजेक्टर विझला, पंखे थांबले. मला वाटलं, सगळे आता उठणार. उन्हाची वेळ, कामं पडलेली, का थांबतील? एकाने खिडकीची चादर वर केली, उजेड आत आला. आणि मागून आरोळी आली, "चादर सोड की रं! मोडतंय समदं!"

त्याने सोडली. कुणीही उठलं नाही.

मग अंधारात सुरू झालं.

"म्हायेरला गेली आसंल."

"म्हायेरला जाताना कोण गिरण चालू ठिवतंय? येडी हाय का?"

"बांगड्या का काढल्या? पीठ लागतंय म्हणून?"

"काट्यावर कोण ठिवतंय मग? खिळ्याला अडकवत्यात."

"त्या धाकटीला ठावं हाय. बघितला न्हाय का, तिनं आधी उंबरा बघितला. आधी मशीन बंद करायची सोडून!"

मी अंधारात उभी राहून ऐकत होते. माझ्या एकेका दृश्याचा ती माणसं उच्च न्यायालयात वकिली करावी तसा कीस पाडत होती. एका म्हातारीने माझा पदर धरला. "ए बाई, तूच केलाईस न्हवं पिक्चर? मला एकटीला सांग. जित्ती हाय का?"

"लाईट येऊ द्या, आजी," मी म्हणाले.

"लाईट कवा येणार? फोन लावा की वायरमनला!"

एका माणसाने फोन लावला आणि कोल्हापुरी आवाजात, म्हणजे फोन नसता तरी ऐकू गेला असता अशा आवाजात म्हणाला, "अवो, लाईट सोडा लवकर! हितं बाई गायब झालीया!"

पलीकडचा माणूस घाबरलेला आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "कोण बाई? कुणाची?"

"ते कळायसाठीच लाईट पायजे!"

पंचवीस मिनिटं गेली. उकाड्याने जीव चालला होता. चाचा माझ्याजवळ आले. त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. मग पंखे फिरले, प्रोजेक्टरचा पांढरा झोत पडद्यावर पडला आणि शंभर गळ्यांतून एकच जल्लोष उठला.

तीच प्रत मी दुसऱ्या दिवशी सकाळी वितरकाला पाठवली. त्याने सकाळचे खेळ बदलून संध्याकाळचे दिले आहेत. पुढचं पुढे. पण कोल्हापूरहून परत आल्यावर मला कुणी विचारलं की तिथे काय पाहिलंस, तर मी सांगते ते त्या शुक्रवारचं, वीज आल्यानंतर दहा मिनिटांनी घडलेलं. सिनेमा पुन्हा सुरू होऊन सगळे गढून गेले होते. मागचं दार करकरलं. वायरमन मोटरसायकलवर थेट विजेच्या डीपीकडून आला होता. कपाळ घामाने भिजलेलं, खिशात पक्कड. त्याने अंधारात इकडंतिकडं पाहिलं, शेवटच्या रांगेतल्या माणसाकडे वाकला आणि हळूच विचारलं, "सापडली का?"

आणि सगळं सभागृह एकदम ओरडलं, "गप बस! खाली बस!"

तो दारातच खाली बसला.